आक्कांच्या जपानी शेवया

पळीतला रस्सा तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, चाटायचा आणि डोळे मिटून सांगायचं, "कायतरी कमी हाय." आमच्या शेजारच्या आक्कांचं हे नेहमीचं. त्यांच्या हातचं लोक बोटं चाटून खायचे, पण त्यांच्या मते कायतरी कमीच. अशी शेजारीण तुम्हालाही लाभली असेल, तर माझं वजन का वाढलं ते वेगळं सांगायला नको.

सत्तरच्या दशकात आम्ही सांगलीत हळदीच्या पेठेमागं राहायचो. आक्कांचा एकुलता एक मुलगा बोटीवर नोकरीला. एकदा रजेवर येताना त्याने जपानहून शेवयांची पाकिटं आणली. "उकळत्या पाण्यात टाकायच्या, की झालं. बोटीवर कामाची पाळी संपली की ह्येच खातो, आई."

आक्कांना ते झोंबलं. पाटावर शेवया वळून दर उन्हाळ्यात त्यांचे खांदे भरून यायचे, आणि ह्या म्हणे नुसत्या पाण्यात! पण खरी काळजी वेगळीच. "आवं, पोरगं ह्याच्यावर जगतंय व्हय? तरीच वाळलंय!" पोरगं चांगलं गुबगुबीत होतं, पण आईला कोण सांगणार?

रजा संपायच्या आत ह्या शेवयांना चव आणायचीच, असा त्यांनी चंग बांधला. शेवया म्हटल्यावर आधी खीर. दूध, गूळ घातला आणि पाकिटातली बारीक पुडी वेलदोड्याची समजून तीही सोडली. अगं बाई! खिरीला सुकटीचा वास! आमचे हे वाटी घेऊन जे परसात गेले ते आलेच नाहीत.

"कायतरी कमी हाय," आक्का म्हणाल्या.

"कमी नाही हो, जास्त झालंय!" मी ओरडले.

मग पुढच्या पाकिटातली ती माशाच्या मसाल्याची पुडी गेली उकिरड्यावर. लसणाची फोडणी, घरचा कांदा-लसूण मसाला, दाण्याचं कूट, वर लिंबू. पोराने पातेलं पुसून खाल्लं. जाताना आक्कांनी मसाल्याचा डबा फडक्यात बांधून त्याच्या ट्रंकेत घातला, आणि एसटी सुटेपर्यंत बजावत राहिल्या, "लिंबू न्हाई घावलं तर चिच घाल रं. पर आळणी खाऊ नगंस."

पुढच्या रजेला तो आला तेव्हा डबा रिकामा होता आणि आक्का नव्हत्या. थंडीत ताप काय आला आणि त्या गेल्या काय. बोट भरसमुद्रात, त्याला पोचताच आलं नाही. डबा आणि एक पाकीट घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला.

"काकू, आईचं समदं तुमीच चाखलंय. तुमास्नी ठावं असंल."

आक्कांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच पातेल्यात मी शेवया केल्या. मसाला त्यांच्याच पद्धतीने मी कुटलेला, कूट तसंच. त्याने घास घेतला.

"झ्याक झाल्यात काकू," तो मान खाली घालून म्हणाला.

मी पळीतला रस्सा तळहातावर घेतला, फुंकर मारली, चाटला.

"खोटं बोलू नगंस," मी म्हटलं. "कायतरी कमी हाय."

मग आम्ही दोघांनी मिळून पातेलं पुसून खाल्लं.