आईची खोटी पोटदुखी

आज दुपारी लेकीला दवाखान्यातून सोडलं. नात ठणठणीत आहे. मी मात्र तीन दिवस बाकावर बसून पार मोडलेय, लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

निघताना सिस्टरनी लेकीच्या हातात एक फॉर्म दिला. ‘बाळंतपणात मिळालेल्या वागणुकीबद्दल समाधानी आहात का?’ लेक वैतागली. “सगळे माझ्यावर ओरडत होते. काय लिहू?”

पणतीला बघायला जामखेडहून आलेली माझी आई शेजारीच होती. मी सहज विचारलं, “माझ्या वेळी तू समाधानी होतीस का गं?”

“व्हय की. सिस्टरनं मांडीवर चापट मारली हुती, तरी लई समाधान.”

मी बहात्तरच्या दुष्काळातली, सरकारी दवाखान्यात जन्मलेली. आई दिवस भरेपर्यंत रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती.

“तिसऱ्या दिशी घरी जा म्हनाले. घरी गेलं की पुन्हा खडी. मी खोटंच सांगितलं, पोटात दुखतंय. सिस्टरला कळलं हुतं, पन ती गप ऱ्हायली. रोज कागदावर पोटदुखी लिहायची. आनखी पाच दिस खाटंवर झोपले.”

आणि ‘तुझ्या वेळी आईला आठवडाभर पोटदुखी होती’ असं घरात ऐकून मी लहानपणापासून त्या पोटदुखीचं वाईट वाटून घेत आलेय.

तुमची आई शेवटची कधी निवांत झोपली होती, विचारलंय कधी? घरी आल्यावर मी विचारलं. तिनं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, “तुझ्या धाकल्या भावाच्या येळंला.”