पान ताईंनी केलेले फोन

पान श्यू-युन आमच्या वर्गात आल्या तेव्हा वयाने आमच्या आयांपेक्षाही मोठ्या होत्या. तरुणपण शेतौ गावच्या मोज्यांच्या कारखान्यात गेलं. मुलं मार्गी लागली, नवरा वारला, आणि मग त्यांनी मिनशिओंगच्या आमच्या कॉलेजात, माध्यम विभागात, नाव घातलं. कुणी मावशी म्हटलं की म्हणायच्या, "मावशी घरी. इथे मी तुमच्याच बाकावर बसते, ताई म्हणा."

हाच विषय का घेतलात, असं मी विचारलं होतं. "सगळे दिवसभर त्या फोनमध्ये काय बघत बसतात, ते मला एकदा नीट समजून घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "माझी बहीण तर जेवतानासुद्धा मान वर करत नाही."

वर्गाच्या ग्रुपवर त्या रोज सकाळी कमळाचं चित्र टाकायच्या. खाली लिहिलेलं असायचं, 'सुप्रभात, पाणी पीत जा.' आम्ही हसायचो. शू सरांनी एकदा वर्गात विचारलं, आज सकाळी बातमी कुठून कळली? कुणी म्हणालं छोट्या व्हिडिओतून, कुणी म्हणालं मित्राने पाठवली म्हणून. वर्तमानपत्राचं नाव कुणीच घेतलं नाही. ताई म्हणाल्या, "रेडिओवरून. आणि बहिणीकडून, पण तिचं निम्मंच धरायचं."

माझी मैत्रीण यी-श्युआन म्हणाली, "मी कशावरच विश्वास ठेवत नाही, सर. सगळेच खोटं बोलतात." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

ताई तिच्याकडे वळल्या. "मग पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे, हे तरी कुणाचं ऐकून अभ्यास करतेस?"

वर्ग हसला, यी-श्युआनही हसली.

त्याच सत्रात ती क्लिप आली. कॉलेजकडे येणाऱ्या बसचा ड्रायव्हर एका म्हाताऱ्याला कॉलर धरून बसमधून खाली ओढतोय, एवढंच त्यात दिसत होतं. दुपारपर्यंत ती सगळ्यांच्या फोनवर पोचली. ड्रायव्हरचं नाव त्साय, हेही बाहेर आलं. लोकांनी त्याच्या बायकोलासुद्धा सोडलं नाही, बाजारात गाठून बोल लावले. बस कंपनीने त्याला त्या मार्गावरून काढलं. ताईंनीही ती क्लिप बहिणीला, कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींना, देवळाच्या भजनी मंडळाला पाठवली होती. मनापासून चिडल्या होत्या त्या.

शू सरांनी वर्गात क्लिप लावली आणि विचारलं, "याच्या आधी काय झालं, कुणाला माहीत आहे?"

कुणालाच नव्हतं. यी-श्युआन म्हणाली, "कळणारच नाही सर. म्हणून तर मी काही मानतच नाही."

"कळणार नाही कसं?" ताई म्हणाल्या. "म्हातारा काय आभाळातून पडलाय? मागे देऊळ दिसतंय बघ, आपल्याच बसच्या वाटेवरचं. त्या गावात जाऊन विचारू."

शनिवारी आम्ही तिघी गेलो. देवळासमोर अननस सोलत बसलेल्या बाईला यी-श्युआनने फोनवरची क्लिप दाखवली. बाईने सुरी खाली ठेवली.

"हे तर आमचे सासरे."

"त्यांना फार लागलं का हो?" ताईंनी विचारलं.

"लागेल कशाने? साखर उतरली, बसमध्येच डोळे फिरवले. खाली उतरवताना त्या ड्रायव्हरने कॉलर धरली म्हणून तोंडावर आपटले नाहीत. खाली बाकावर बसवलं, स्वतःचं गोड सोयादूध पाजलं, मी येईपर्यंत हलला नाही. त्याचे आभार मानायचे राहिलेत आमचे."

म्हातारेबुवा आतून बाहेर आले. क्लिप त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. "मला कुणी ढकललं असतं," ते म्हणाले, "तर मी गप्प बसलो असतो असं वाटतं का तुम्हाला?"

यी-श्युआनने त्या दोघांचं बोलणं चित्रित केलं. तो व्हिडिओ आम्ही टाकला, कंपनीलाही पाठवला. पण पहिली क्लिप जिथे जिथे पोचली होती, तिथे हा पोचेना.

"ताई, खरं कुणालाच नको असतं," यी-श्युआन म्हणाली.

"नको कसं? आपण सांगितलंय कुठे अजून?" असं म्हणून ताईंनी कॅन्टीनच्या टेबलावरूनच बहिणीला फोन लावला. मग एकेका मैत्रिणीला. "मी पाठवलं होतं ते चुकीचं होतं. तू पुढे कुणाला दिलंस? मग त्यांनाही सांग." पलीकडून बहिणीचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, "एवढ्याशासाठी फोन करतेस?" ताई म्हणाल्या, "त्याची बायको बाजारात जायची थांबलीय. एवढंसं नाहीये ते."

आमच्या वर्गात असा फोन करणं म्हणजे संकटच. चुकलो असा मेसेज करायचीसुद्धा लाज वाटते, तिथे थेट फोन? पण यी-श्युआन उठली, खिडकीपाशी गेली आणि तिने आपल्या काकूला फोन लावला; क्लिप तिनेही पुढे पाठवलीच होती. मग बाकीच्यांनीही लावले. त्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या पोरांनी जेवढे फोन केले, तेवढे आधी वर्षभरात केले नसतील.

महिना उलटला आणि त्साय परत आमच्या बसवर आला. ताई चढल्या तशा म्हणाल्या, "मीही पाठवली होती ती क्लिप. माफ करा."

त्याने आरशातून पाहिलं. "माझ्या मेहुण्यानेही पाठवली होती," तो म्हणाला. "बसा, मागे जागा आहे."

पान ताईंना पदवी मिळाली. संख्याशास्त्रात दोनदा नापास झाल्या, तिसऱ्या वेळी आम्ही आळीपाळीने शिकवून त्यांना पास केलं. यी-श्युआन आता एका स्थानिक बातमीपत्रात काम करते. बातमी देण्याआधी दोन माणसांना प्रत्यक्ष विचारते, म्हणून संपादक तिला हळूबाई म्हणतो. मी शाळेत शिकवते. पोरं विचारतात, बाई, खरं-खोटं ओळखायचं कसं? शू सरांनी शिकवलेलं सगळं मी त्यांना सांगते. तारीख बघा, मूळ चित्र शोधा. तेवढ्यावर आमची पिढी हुशार झाली असती आणि कशावरच विश्वास न ठेवता बसून राहिली असती. उठून जाऊन विचारता येतं, आणि चुकलं तर फोन उचलून सांगता येतं, हे आम्हाला पान ताईंनी दिलं. त्या आमच्या बाकावर येऊन बसल्या, हे आमचं भाग्य.