कळशीला घातलेली काविळीची माळ

गेल्याच्या गेल्या रविवारी मी आमच्या सावेडीच्या घरात एका रिकाम्या पितळी कळशीला काविळीची माळ घातली. हसू नका. मी पूर्ण शुद्धीवर होते आणि समोर माझी आई बसली होती.

आधी थोडं मागचं सांगते. वर्षभरापूर्वी आमच्या शाळेत रक्तदान शिबिर झालं. मी हौसेने रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं... हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, काही नाही. सातवीला विज्ञान शिकवणारी बाई मी, आणि स्वतःच्या लिव्हरमध्ये काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून रोज एक गोळी सुरू केली. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, बहुतेक कायमची. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या असंही सांगितलं. नवरा, मुलगी, भाऊ... तिघांचेही रिपोर्ट चांगले आले. राहिली आई.

आई तिसगावला असते. पासष्टी ओलांडली तरी रोज शेतात जाते, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. तपासणीचं नाव काढलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" उलट तीच माझ्या मागे लागली. तिकडे एक जण काविळीवर औषध देतात. काड्यांची माळ डोक्यावर ठेवायची, आजार उतरेल तशी ती लांबत लांबत खाली येते म्हणे. सोबत पंधरा दिवसांच्या पुड्या. पथ्य एकच, इंग्रजी गोळी बंद.

खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला होता. रोज सकाळी गोळी हातात घेतली की आपण आजारी आहोत हे नव्याने आठवतं. पंधरा दिवसांत सुटका होत असेल तर कुणाला नको?

म्हणून आईने पाठवलेली पुडी पर्समध्ये टाकली आणि सरळ डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. म्हणाले, माळेने नुकसान काही नाही, खुशाल घाला, प्रार्थनाही करा. पण पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही, आणि पोटात जाईल ते शेवटी तुमच्या लिव्हरलाच निस्तरायचंय. मनाने गोळी सोडलीत तर दबलेला विषाणू एकदम उसळी मारू शकतो, तेव्हा तेवढं करू नका.

झालं, माझं ठरलं. पुडी घ्यायची नाही, गोळी सोडायची नाही. माळ मात्र आईचं मन राखायला घालायची... पण फुकट नाही.

आईला फोन करून म्हटलं, येताना दोन माळा आण. ती उपासना आटोपून दुपारच्या एसटीने आली. मग मी पैज लावली. एक माळ माझ्या डोक्यावर, दुसरी कळशीला. कळशीची माळ आहे तेवढीच राहिली तर तू म्हणशील ते करीन, पण तीही लांबली तर तू माझ्याबरोबर लॅबमध्ये यायचं.

आईला हसूच आलं. "कळशीला कुठली आली कावीळ? चालंल मला."

सोमवारी माझी माळ कपाळावर होती, मंगळवारी कानांवर आली, गुरुवारी गळ्यात. शाळेत जाताना काढून ठेवायचे, नाहीतर पोरांनी माझीच परीक्षा घेतली असती. आई रोज सकाळी माळ बघून खूश. कळशीकडे मात्र ती ढुंकूनही बघत नव्हती.

शनिवारी मी तिला हाताला धरून कळशीपाशी नेलं. माळ कळशीच्या पोटावरून उतरून फरशीवर पडली होती. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात... मी वर्गात सांगते तसं सांगायला लागले.

आईने हातानेच मला थांबवलं. मला वाटलं, आता चिडणार.

"मला ठाव हाय गं," ती हळूच म्हणाली. "हे दुखनं आईकडून लेकराला येतं. तुजा भाऊच बोलला मागं. माज्यातच निघालं तर मी तुला तोंड कसं दावू? म्हनून म्हनलं, माळंनंच बरं व्हावं तुला... मंग कुनाला काय तपासायलाच नको."

हेच डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं. तिला लागेल म्हणून वर्षभर मी ते तिच्याजवळ बोलले नव्हते. आणि ती मनात तेच घेऊन बसली होती. मला रडूच आलं.

सोमवारी लॅबमध्ये आईने स्वतःच बाही वर केली. काल रिपोर्ट आला... तिच्यातही आहे. लिव्हर चांगलं आहे, तिला सध्या गोळी नको, पण दर सहा महिन्यांनी तपासायचं. "माज्यामुळं झालं तुला," एवढंच बोलली. मी म्हटलं, नाक तुझं आलंय, हट्ट तुझा आलाय, त्याची कधी माफी मागितलीस का? तेव्हा कुठे हसली.

तुमच्याकडे कुणी तपासणीला नाही म्हणत असेल तर भांडायच्या आधी विचारा, भीती कशाची वाटते. मी हे वर्षभर विचारलं नाही.

काल संध्याकाळच्या एसटीने ती गावी परतली. आज सकाळी बरोबर आठ वाजता, माझ्या गोळीच्या वेळेला, तिसगावहून फोन. "घेतली का गं?" घेतली, म्हटलं. कायमची गोळी म्हटलं की आधी छातीत धस्स व्हायचं. आता तिचा फोनही रोज येणार असेल तर घेईन मी ती कायमची.