डोमामामाच्या ट्रकचा भोंगा

मंडळी, या सदरातले अनुभव मी आजवर नाक मुरडत वाचत आलो. वाचायचे सगळे, आणि शेवटी "ह्यॅ, काहीही!" म्हणून पान उलटायचं. आमच्या घरात भुताखेतांना जागाच नव्हती. लहानपणी एकदा मी म्हणालो की चिंचेखाली कोणीतरी उभं दिसलं... तर बाबांनी त्याच चिंचेखाली बसवून माझ्याकडून पाढे म्हणून घेतले. "आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक. आपल्याले भूतबित परवडत नाही," असं त्यांचं म्हणणं. मीही तसाच झालो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर आमची बायको स्वयंपाकघरातून हसते आहे. हसू द्या.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधली. घर सौंसरला, नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात. मोहल्ल्याच्या मधोमध मोठं कडुनिंब, त्याच्या एका अंगाला आमचं घर आणि दुसऱ्या अंगाला माझ्या सख्ख्या मामाचं — डोमामामाचं. माझी नोकरी पांढुर्ण्याला, नगरपालिकेच्या पाणी खात्यात. आठवडाभर तिकडे खोली करून राहायचो आणि शनिवारी बसने घरी यायचो.

आणि मला एक खूळ होतं. गाड्या, जहाजं, विमानं — सगळं छोट्या मापात, पण हुबेहूब बनवायचं. खऱ्याचा एक फूट म्हणजे माझा एक इंच. आता पांढुर्ण्यात याचं सामान कुठं मिळणार? पण संत्र्याच्या मोडक्या पेट्या मंडीत ढिगाने पडलेल्या असायच्या. ते लाकूड इतकं पातळ आणि हलकं की ब्लेडनं कापावं. पत्रा तुपाच्या रिकाम्या डब्याचा, टायर झिजलेल्या स्लिपरचे, हेडलाइट शर्टाच्या बटनांचे. पहिल्यांदा मी जहाज केलं होतं, कॅलेंडरवरचं चित्र पाहून, तर ऑफिसातला चपराशी म्हणाला, "साहेब, जाम नदीत बकरी उभी राहते न जी, तुमचं जहाज कुठं चालवान?" तेव्हापासून ऑफिसात माझं नाव 'कप्तान' पडलं ते रिटायर होईपर्यंत.

आता डोमामामा. मामाकडे स्वतःचा ट्रक होता. जुनाट, पुढे लांब नाक असलेला, मागच्या फळीवर निळ्या रंगात 'जय भीम'. संत्रा, कापूस, विटा, जे मिळेल ते भरायचा. पण त्या ट्रकची खरी शान म्हणजे भोंगा. ड्रायव्हरच्या खिडकीशी बसवलेला पितळेचा, मागे रबरी फुगा. फुग्याला एक चीर पडलेली होती, म्हणून आधी घसघशीत "भोंऽऽऽ" आणि सोडताना वासरू हंबरल्यासारखं "अँऽ". असा आवाज साऱ्या तहसिलीत दुसऱ्या गाडीचा नव्हता.

दसरा म्हणजे आम्हाला नागपूर, दीक्षाभूमी. दरवर्षी त्या पहाटे मामा ट्रक धुऊन निंबाखाली लावायचा आणि सारा मोहल्ला पांढरे कपडे घालून, भाकरी-चटणीच्या शिदोऱ्या घेऊन त्यात चढायचा. मामा कोणाचं दार वाजवायचा नाही. भोंगा वाजला की निघायचं, एवढाच कायदा. "जो राहिला तो राहिला!" म्हणायचा. म्हणायचाच फक्त — मोजून सारे चढल्याशिवाय त्यानं कधी गिअर टाकला नाही. पण लोकांच्या अंगात तो भोंगा भिनला होता. ऐकू आला की पाय आपोआप बाहेर.

त्या वर्षी उन्हाळ्यात सिल्लेवानीच्या घाटात टायर बदलताना जॅक सरकला आणि मामाचा पाय मोडला. पाय जुळला, पण क्लच दाबण्याजोगा राहिला नाही. ट्रक मुलताईच्या एका पार्टीला विकावा लागला. गाडी गेली त्या दिवशी मामानं खाटेवर भिंतीकडे तोंड केलं, ते काही फिरवलं नाही. डॉक्टरांनी मामीला स्वच्छ सांगितलं होतं, हाड पक्कं झालं आहे, आता रोज चालवा, नाहीतर गुडघा कायमचा धरेल. मामी हातात काठी द्यायची, मामा ती खाटेखाली सरकवायचा.

मी म्हटलं, "मामा, चालत जा न थोडं."

"कुठं जाऊ?" भिंतीलाच उत्तर. "जिंदगीभर मी घरून गाडीपर्यंतच चालत गेलो बे. आता गाडीच नाही तं जाऊ कुठं?"

मी खाटेखालून काठी काढून पुन्हा त्याच्या उशाशी ठेवली.

मामी मला अंगणात घेऊन गेली. डोळे पुसत म्हणाली, "मिलिंदा, तू ते जहाजं-बिहाजं बनवतं न... तुह्या मामाची गाडी बनव बाबू. निदान तोंड तं फिरवतीन इकडं. पाय गेला तं मानूस खाटंवरच सडन रे."

झालं! कप्तान कामाला लागला. आठवडाभर पांढुर्ण्यात सुटे भाग करायचे आणि शनिवार-रविवारी मामाच्या खाटेशेजारी बसून जोडायचे, असं ठरवलं. चेसिस दाखवली तेव्हा मामा पुटपुटला, "माही गाडी खेळण्यावर आली काय आता." मी दुर्लक्ष करून घासत बसलो. पुढच्या वेळी मडगार्ड बसवले. काय सुरेख गोलाई आली होती, मलाच माझं कौतुक! तर मागून आवाज, "डावा सरळ काहून हाय बे?"

"मग कसा पाहिजे?"

"बोरगावच्या वळनावर बैलबंडीनं ठोकला होता न. चेपव त्याले."

मंडळी, ज्याने कधी मॉडेल बनवलं असेल त्यालाच कळेल हे दुःख. आठवडाभर घासलेला मडगार्ड मी स्वतःच्या हाताने हातोडीने चेपला. मामा मात्र खूश. आता तो कुशीवर वळून पाहू लागला होता. मग उठून बसायला लागला. "सीट उजवीकडं दबली पाह्यजे, मी काय तुह्यासारखा लकडीछाप होतो का?" "फळीवरचा 'भी' थोडा तिरपा लिव्ह, पेंटर घाईत होता." मामी चहा देताना माझ्याकडे पाहून हळूच हसायची. पण पाय काही खाली येत नव्हते. गुडघा आखडत चालला होता आणि ते साऱ्यांना दिसत होतं.

दसऱ्याला मी सुट्टी घेऊन आलो. आदल्या दिवशी गाडी पुरी झाली. मामानं ती मांडीवर घेतली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली.

"हॉर्नाबिगर गाडी कशी होईन बे?"

घ्या! भोंगाच विसरलो होतो. मग बॉलपेनच्या पुढचं पितळी टोक काढलं, मामीच्या कानात औषध टाकायच्या ड्रॉपरचं रबर घेतलं आणि खिडकीशी घट्ट चिकटवून दिलं. मामानं मोठ्या अपेक्षेने दोन बोटांत धरून दाबलं.

"फुस्स."

आम्ही सारे हसलो. मामाही हसला, किती महिन्यांनी! आणि हसता हसताच त्याचा चेहरा उतरला. "नाही वाजत न... जाऊ दे. तशीबी यंदा गाडी जाऊन नाही राहिली." मी म्हटलं, मामा, आपण बसने जाऊ, मी हात धरतो. मोहल्ल्यातल्यांनीही तसंच ठरवलं होतं, ज्याने त्याने आपापल्या सोयीने उन्हं वर आल्यावर बसने निघायचं. मामा म्हणाला, "तुमी जा. मी नाही येत." आपल्या बापाबरोबर पोरवयात गेला तेव्हापासून या माणसाचं एकही वर्ष चुकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एवढी मेहनत केली आणि शेवटी त्या 'फुस्स'नंच घात केला.

मॉडेलचा रंग ओला होता. मामा भिंतीकडे वळता वळता म्हणाला, "निंबाखाली ठेव. तिची जागा तेच हाय." मी स्टुलावर ठेवलं आणि कोंबड्या चोच मारतील म्हणून वरून कोंबड्या झाकायची बांबूची डाल उपडी घातली.

पहाटे उजाडायला लागलं होतं. मी अंगणात ब्रश तोंडात घेऊन उभा होतो. आणि...

"भोंऽऽऽ... अँऽ!"

शपथेवर सांगतो, तोच. चिरेसकट. निंबाच्या बाजूने. मला काही विचार आला नाही, भीती तर मुळीच नाही. डोक्यात एकच — अरे, निघाली! मी आत धावलो, पिशवी उचलली आणि ब्रश तोंडात तसाच बाहेर पळालो.

मी एकटा नाही हो! दारं धडाधड उघडत होती. शेजारच्या यशोदाबाई एका पायात चप्पल घालून, हातात शिदोरी. शाळेतले गुरुजी अर्ध्या गालाला साबण लावून. कोणी पोराला काखोटीला मारलेलं, कोणी साडीचा पदर खोचत. साऱ्या मोहल्ल्याने निंबाखाली येऊन मान वर केली, ट्रकच्या फळीपर्यंत. फळी नव्हती. काहीच नव्हतं. स्टुलावर एक डाल होती.

"गाडी कुठं हाय?" यशोदाबाई.

"गाडी तं विकली न वो," गुरुजी.

"हाव न... मंग मी काहून आली?"

"अन् मी?"

कोणीतरी डाल उचलली. खाली हातभर लांबीचा ट्रक, चेपलेल्या मडगार्डसकट ऐटीत उभा. साऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आपापल्या शिदोऱ्यांकडे पाहिलं, आणि असा काही हशा उठला की निंबावरचे कावळे उडाले.

तेवढ्यात मागून गर्जना आली.

"कोन हाय बे तो! कोनं हात लावला माह्या हॉर्नाले? थांब, तंगडंच तोडतो!"

डोमामामा! लुंगी-बनियानवर, दात-ओठ खात, लोकांना दोन्ही हातांनी बाजूला सारत थेट स्टुलापर्यंत आला. इकडेतिकडे चोर शोधू लागला. हसणारे लोक गप्प झाले. मामाला वाटलं चोर सापडला म्हणून गप्प झाले. "कोन हाय, बोलत काहून नाही कोनी?"

मामी धापा टाकत मागून आली होती. काठी तिच्याच हातात.

"अवो..." ती म्हणाली, "तुमी चालत आले न."

मामानं खाली पाहिलं. स्वतःचे पाय असे पाहत राहिला की जणू ते दुसऱ्याच कोणाचे. मग एकदम त्याला दुखायला लागलं असावं, त्यानं माझा खांदा धरला. मी रडत होतो, आणि तोंडात ब्रश असल्यामुळे ते फार वाईट दिसत होतं असं यशोदाबाईंनी पुढे वर्षानुवर्षं साऱ्यांना सांगितलं.

मग मामा म्हणाला, "आता एवढे सारे निघालेच हाय तं घरी काहून जाता? चला!"

संत्रा भरायच्या रिकाम्या पेट्या आणायला नागपूरला निघालेला एक ट्रक सडकेवर अडवला आणि त्यात सारे चढलो. मामा पुढे केबिनमध्ये, मांडीवर मॉडेल. ड्रायव्हरने विचारलं, "काका, हे काय होय?" मामा म्हणाला, "माही गाडी होय. तू समोर पाह्य. बोरगावच्या वळनावर हळू घेजो." दीक्षाभूमीच्या गर्दीत तो काठी टेकत, माझा खांदा धरून, पण पायी गेला. त्यानंतर शेवटपर्यंत तो माणूस चालत राहिला, लंगडत, शिव्या देत.

आता तपास. बाबांचा मुलगा आहे, सोडतो की काय! मोहल्ल्यातल्या एकूण एक पोराला दरडावून विचारलं. तसा भोंगा कोणाकडे नव्हता, टेपरेकॉर्डर तर एकाच घरी आणि तोही बिघडलेला. मुद्दाम मुलताईला जाऊन आलो. मामाचा ट्रक तिथे चाकं काढून विटांवर उभा होता, दसऱ्याच्या कितीतरी आधीपासून. भोंगा? "वो तो फट गया था, कबाड़ में डाल दिया," मालक म्हणाला. एकाला भास होतो, मान्य. पण साऱ्या मोहल्ल्याला, अर्ध्या दाढीसकट?

मामाला विचारलं तर तो माझ्याकडे मूर्खासारखं पाहायचा. "तुह्याच गाडीनं वाजवला, अजून कोनं? म्हनून तं म्हनत होतो, हॉर्न बसव."

ते मॉडेल आज माझ्या कपाटावर आहे. ड्रॉपरचं रबर कडक होऊन गेलंय, आता 'फुस्स'ही होत नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि भूतबित मी अजूनही मानत नाही. फक्त दसऱ्याच्या पहाटे शिदोरी बांधून, बूट घालून मी अंधारातच तयार बसलेला असतो. बायको म्हणते, बस तर आठला आहे. मी म्हणतो, असू दे... जो राहिला तो राहिला.