सव्वा रुपयाचा कान

फाल्गुनातलं ऊन सकाळीच पाठीवर बसत होतं आणि खाडीवरून कोरडा वारा सुटला होता. असा वारा मिठाला चांगला. आवडाबाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून मिठागरात उभी होती. लांब दांड्याच्या फळीनं वाफ्यातलं मीठ काठाकडे ओढत होती, आणि प्रत्येक ओढीला धवल्याची एकेक ओळ गुणगुणत होती. शेजारच्या वाफ्यात तिची धाकटी जाऊ ठमी.

आवडाबाई धवलारीण. रेवसच्या आसपास चार गावांत तिनं लग्नाचे धवले गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. भटजी उशिरा आला तर लोक विड्या ओढत बसत. आवडाबाईला उशीर झाला की माणूस धावत यायचं. रात्र संपेल पण तिचे धवले संपायचे नाहीत, आणि कागदावर त्यातलं एक अक्षर नव्हतं.

तिचा उजवा कान मात्र दोन वर्षांमागे फाटला होता. मिठाची पाटी डोक्यावरून उतरवताना कानातलं जड फूल पाटीच्या काठात अडकलं आणि पाळीचे सरळ दोन तुकडे झाले. तेव्हापासून पदर उजवीकडे जरा जास्तच ओढलेला.

"पंध्रा दिसांनी हिरामनच्या पोरीचं लगीन," ठमी म्हणाली. "नवऱ्याकडचे उरनवरनं फोटूवाला आनतान. धवलारनीचा पन फोटू काढतील. तुझी पाली येल त्यात, नागाच्या जिभंसारकी."

"तुझी एकच जीभ भारी हाय गो बाय," आवडाबाई म्हणाली. पण बोल लागला.

अलिबागच्या डॉक्टरला तिनं आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मुंबईच्या इस्पितळात नीट शिवतील. आठ दिवस राहावं लागेल." मिठाच्या हंगामात आठ दिवस आणायचे कुठून? आणि रेवसच्या धक्क्यावर तर दर बाजाराच्या दिवशी लाँचमधून एक माणूस पत्र्याची पेटी घेऊन उतरायचा. दातावर सोन्याचं पान बसवायचा, चामखीळ काढायचा, फाटके कान शिवायचा. सव्वा रुपयात, तिथल्या तिथं.

दोन दिवसांनी बाजार होता. आवडाबाई धक्क्यावर गेली, सोबत नवरा धर्मा. तिच्या आधी त्या माणसानं एका म्हातारीचा कान शिवला आणि सुई धोतराला पुसली.

"सुई तरी धू रं," धर्मा म्हणाला.

"रोजची सुई आहे, काका. हात बसलाय माझा."

वस्तऱ्यानं दोन्ही कडा खरवडल्या, सहा टाके घातले, वर काळी पूड दाबली. धर्माचं पान चघळून व्हायच्या आत कान अखंड.

दोन दिवस आवडाबाई आरशासमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी कान तापला. पाचव्या दिवशी सूज मानेवर उतरली. ठमी हसेल म्हणून तिनं ती पदराखाली दडवली. सातव्या दिवशी जबडाच उघडेना. पेज ओठांच्या कोपऱ्यातून घ्यायची. एकटी असताना तिनं धवला म्हणून पाहिला, तर नुसता हुंकार निघाला. तेव्हा मात्र ती भ्याली.

"कान जाव दे वो," ती दातांतूनच नवऱ्याला म्हणाली. "त्वांड उघराला पायजे."

धर्मानं बैलगाडी जुंपली आणि तिला अलिबागला नेलं. डॉक्टरनं दोरा उसवला, पू काढला. "पाळी वाचत नाही," तो म्हणाला.

"धवलं बोलाला येल ना?"

"बाई, आधी जीव वाचू द्या."

पाळी कापावी लागली. चार दिवस सुया टोचून घेतल्यावर ताप उतरला. जबडा मात्र बोटभरच उघडला.

हळदीच्या दिवशी मांडवात कुजबुज सुरू झाली, आता धवले कोण म्हणणार? आवडाबाईनं ठमीला हाताला धरून शेजारी बसवलं आणि तिच्या कानात एकेक ओळ सांगायला लागली. ठमी गायची. दोनदा ठमीनं पुढची ओळ आधी घेतली, दोनदा तिला चिमटा बसला. गळा ठमीचा, धवले आवडाबाईचे. नवरीला हळद लागली.

"बाई, पदर जरा पुढे घ्या," फोटोवाला म्हणाला.

"कशाला? सव्वा रुपया मोजलाय त्या कानाला. काढ तसाच."

मांडव हसला. ठमी हसली नाही. ती पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत राहिली.

जबडा सुटायला पावसाळा उजाडेल, आणि पुरता सुटेलच असं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. वैशाखात आणखी दोन लग्नं ठरलेली. दुसऱ्या दिवशी न बोलावता ठमी दारात आली.

"बाय, घान्याच्या येलंला, मुसलं धरतान तवा, पयलं कंचं धवलं?"

लग्नाच्या धावपळीत कांडण राहून घरातला तांदूळ संपला होता. आवडाबाई उखळात भात ओतत होती. तिनं भिंतीला टेकलेलं दुसरं मुसळ काढून जावेच्या हातात दिलं.

"सांगते. पयलं कांड."

आणि दोघी आळीपाळीनं मुसळं घालू लागल्या.