एकोणऐंशीचा पाय

सायकलची सीट एक इंच खाली घ्यायची होती. बस, एवढंच काम. त्यात माझे चार महिने गेले आणि काम झालं नाही ते नाहीच.

अलिबागच्या कोर्टात मी शिरस्तेदार होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. शाल, नारळ, दोन भाषणं, सगळं रीतसर झालं. आता काय करणार म्हणून जो तो विचारायचा. मी म्हणायचो, सायकल चालवणार, दुसरं काय! आणि तीन महिन्यांत उजवा खुबा बोलायला लागला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करू नका, पण पेडल खाली गेलं की तुमचा पाय फार ताणला जातो, सीट इंचभर खाली घ्या. मी मनात म्हटलं, चला, स्वस्तात सुटलो.

ही सायकल मी अकरा वर्षांपूर्वी किहीमच्या एका बंगल्यातून घेतली. आमच्याकडचे सायकलवेडे नवी सायकल सहसा घेतच नाहीत. सुट्टीला येणारे मुंबईकर हौसेने भारी सायकल आणतात, दोनदा रेवदंड्यापर्यंत जाऊन येतात आणि मग ती व्हरांड्यात टांगून ठेवतात. वर्षा-दोन वर्षांनी बंगल्याचा माळी निरोप देतो, "साहेब काढायचं म्हणतात." की आम्ही धावलोच. बारीक पोलादी नळ्यांची, निळी, हलकी सायकल होती ती. गिअर कुठले, ब्रेक कुठले, चाकं कुठली, सगळं मी वाकून वाकून विचारलं. माप काही विचारलं नाही. आमच्यात कोणीच विचारत नाही. सामान चांगलं असलं की बाकी आपण जमवून घेऊ, असं वाटतं.

जमलं नाही. वर्षभर मान धरायची, हाताची बोटं बधिर व्हायची. शेवटी सायकल लाँचवर घालून मुंबईला गेलो. तिथे एक गृहस्थ माणसाच्या मापाने सायकल बसवून देतात. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत सरकवलं आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंतचं अंतर मोजलं. एकोणऐंशी सेंटीमीटर. मग गुडघ्यांना टिकल्या लावून दोन तास पेडल मारायला लावलं. सीट वर घेतली, मागे सरकवली, हँडल बदललं. त्या संध्याकाळी मी मांडव्याला उतरलो आणि घरापर्यंत सायकलवर आलो, आणि कुठे म्हणून दुखलं नाही. खोटं कशाला सांगू, चोंढीच्या पुढे मी रडलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, पण रडलो.

घरी आल्यावर सीटच्या दांड्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळून खूण केली आणि जाहीर केलं की यापुढे हिला पाना लागणार नाही. इथे माझी चूक झाली. सीटचा दांडा वर्षातून दोनदा बाहेर काढायचा असतो, पुसायचा, ग्रीस लावायचं, परत बसवायचा. आमची हवा खारी. दांडा अॅल्युमिनियमचा, सायकल पोलादाची, मध्ये हे खारं पाणी. पण मला भीती, दांडा काढला आणि माप एका केसाने जरी हललं तर? म्हणून दहा वर्षं मी तो काढलाच नाही.

दर रविवारी साडेपाचला निघायचो. रेवदंडा, नाहीतर मांडवा, लहर लागली तर पेझारीहून वळसा. साडेनऊपर्यंत परत. बायको फाटकाशी उभी असायची आणि मी वळणावर दिसलो की आत जायची. मला वाटायचं, जास्वंदीची फुलं तोडायला येत असेल. हातात परडी असायची ना.

तर डॉक्टरांनी सांगितल्यावर मी पाना घेतला आणि दांड्याचा बोल्ट सैल केला. दांडा ढिम्म. दोन्ही हातांनी सीट धरून पिळली, सायकलच गरागरा फिरली. मग थळच्या मित्राकडे नेली. तो खत कारखान्यात फिटर होता, आता घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या सायकली बघतो. त्याने आठवडाभर तेल मुरवलं. मग उकळतं पाणी ओतलं. मग सायकल उलटी करून सीटचं टोक शिकंज्यात आवळलं आणि आम्ही दोघं म्हातारे दोन बाजूंनी लटकलो.

"न्हाय हलत, शिरस्तेदार," तो घाम पुसत म्हणाला. "एकजीव झालाय. दहा वर्सांत एकदा तरी काढायचा व्हता."

"अमोनियाने सुटतो म्हणतात."

"तेबी करू. जल्म अमोनियाच्या पायपांखाली गेला माझा, आता बाटलीभर हवा तर अलिबागभर फिरतो."

अमोनियानेही झालं नाही. दांडा कापून आतून करवतीने कोरून काढता आला असता, पण फ्रेम वाचेल याची तो खात्री देईना आणि माझी हिंमत होईना. मग मी पातळ सीट बसवली, पेडलचे दांडे आखूड घातले, जाड तळाच्या चपला घालून बघितलं. काय काय नाही केलं! जोडतोड करून अर्धा इंच मिळाला. खुबा म्हणाला, पूर्ण इंच हवा. पाय तेवढाच होता हो, एकोणऐंशीच. तो पूर्वीसारखा लांब होईना, एवढंच. सायकल दहा वर्षांपूर्वीच्या माझ्या मापाची राहिली होती आणि तो माणूस काही आता येणार नव्हता.

कंटाळलो मी. नोकरीत कंटाळलो नव्हतो इतका त्या चार महिन्यांत कंटाळलो. सकाळी उठून व्हरांड्यात सायकलकडे बघायचो आणि चहा निवून जायचा. एकच वाटायचं, आपल्याच्याने नाही होत तर नाही, पण ही चालती राहायला हवी. व्हरांड्यात टांगलेली होती तिथून मी ती उतरवून आणली होती. परत टांगली गेली तर अकरा वर्षं पाण्यात.

म्हणून जिल्ह्यातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. 'निळी पोलादी सायकल देणे आहे. सीट वरखाली होत नाही, कधीही होणार नाही. पायाचं माप एकोणऐंशी असणाऱ्यांनीच यावं.' पायाचं माप कसं घ्यायचं तेही लिहिलं. लोक वाचतात का? छे! सगळे तसेच आले.

मग मी व्हरांड्यातच मापं घ्यायला लागलो. भिंतीला पाठ, अनवाणी पाय, आणि पुस्तक म्हणून दिवाणी कायद्याचा माझा जुना ग्रंथ. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि बाजूला गावाचं नाव लिहायचं. एकोणऐंशीवर माझी स्वतःची रेघ. पेणच्या एका बँकवाल्यांना सायकल भयंकर आवडली. पाय पंचाहत्तरचा. मी रेघ मारायला वाकलो तर गृहस्थ हळूच टाचा उचलतायत!

"टाचा टेकवा," मी ओरडलो.

"टेकवल्यात हो."

"अहो, माझी हयात खोटं बोलणारी माणसं ऐकण्यात गेली. टेकवा म्हणतो ना!"

त्यांनी टेकवल्या. तरी जाताना म्हणाले, "होईल सवय काका. जमवून घेऊ." मी अकरा वर्षांपूर्वी हेच म्हणालो होतो. नाही दिली. चौलचा एकजण त्र्याऐंशी निघाला, बसल्यावर गुडघे हँडलला लागत होते. मुरुडची एक डॉक्टरीण सत्त्याहत्तर, दोनच सेंटीमीटरनी हुकली. ती गेल्यावर मला फार वाईट वाटलं. महिनाभरात भिंतीवर पंधरा-सोळा रेघा झाल्या आणि एकही माझ्या रेघेवर नाही.

मग एक तरुण गृहस्थ गाडीतून आले. नागावकडे कॅफे काढतायत. मापाला उभेच राहिले नाहीत.

"सीट हलली नाही तरी चालेल काका. भिंतीवर लावायचीय. पिवळा रंग मारू, टोपलीत फुलं वगैरे. फोटो छान येतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दमलो होतो हो. मापं घेऊन, टाचा तपासून, तेच तेच सांगून दमलो होतो. मी म्हटलं, सोमवारी टेम्पो पाठवा, तोपर्यंत कोणी मिळालं नाही तर न्या. ते गेले आणि मी आत येऊन आडवा झालो. बायको वह्या तपासत होती. ती किहीमच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे, रोज मिनीडोअर रिक्षात कोंबून घेऊन जाते-येते. मान वर न करता म्हणाली, "पिवळी?" मी म्हटलं, "पिवळी." तिने पुढची वही ओढली.

रविवारी दुपारी व्हरांड्याची भिंत पुसायला घेतली. सायकल जाणार, तर रेघा तरी कशाला ठेवायच्या? ओलं फडकं फिरवत फिरवत एकोणऐंशीपाशी आलो आणि थांबलो. माझ्या रेघेला लागूनच दुसरी एक रेघ होती. बारीक, सरळ, पट्टी लावून मारलेली. लाल. बाजूला गावाचं नाव नाही. आमच्या घरात लाल पेन एकच आहे आणि ते वह्या तपासायचं आहे.

मी फडकं हातात घेऊनच आत गेलो. "ही रेघ कधी मारलीस?"

"मागच्या आठवड्यात तुम्ही थळला मित्राकडे गेला होतात त्या दिवशी."

"तुझा पाय एकोणऐंशी?"

"मला काय माहीत. तुमचं पुस्तक सांगतंय."

ती माझ्या कानापर्यंत येते. पण पाय माझ्याएवढे. बत्तीस वर्षं शेजारी चालतोय आम्ही आणि मला हे ठाऊक नव्हतं. पेणपासून मुरुडपर्यंतच्या लोकांच्या टाचा मी वाकून बघितल्या, आणि घरातल्या माणसाला एकदा भिंतीशी उभं राहा म्हटलं नाही. लाज वाटली मला. तिथेच मोड्यावर बसलो.

"मग बोलली का नाहीस?"

"लोक रांगेत उभे होते. म्हटलं, आपला नंबर येईल तेव्हा येईल." मग पेनाला टोपण लावत म्हणाली, "आठवीपासून दहावीपर्यंत नागावहून अलिबागला सायकलने यायचे मी. लग्न ठरवताना सांगितलं होतं तुमच्या आईला. तुम्ही बहुतेक जेवत होतात."

कॅफेवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, काका, शब्द दिला होता तुम्ही. मी म्हटलं, दिला होता, कोणी मिळालं नाही तर असा दिला होता, आणि मिळालंय. फोन ठेवला.

संध्याकाळी ती सलवार-कमीज घालून आवारात आली. आडवी नळी बघून म्हणाली, "बाई गं." पण चढली. पहिल्या दोन फेऱ्यांत तुळशीच्या कुंडीला घासून गेली, तिसऱ्या फेरीला सरळ. मी मागून बघत होतो. पेडल खाली गेलं की गुडघा किंचित वाकलेला राहत होता, हवा तेवढाच. मुंबईच्या त्या गृहस्थांनी माझा राहील असा बसवला होता, तसाच. खूप बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. दोन्ही एकदमच. ती उतरली आणि खांदे दाबत म्हणाली, "हँडल फार लांब आहे हो. लोळावं लागतं."

मी पाना आणला. यापुढे हिला पाना लागणार नाही म्हणालो होतो, तोच मी. थळच्या मित्राकडून हँडलचा आखूड जोड आणून बसवला. रुंद सीट बसवली, ती जाड निघाली म्हणून शोधून बेताच्या जाडीची आणली. पेडलचे जुने दांडे परत घातले. त्यात आठ दिवस गेले. बोल्ट आवळण्याआधी प्रत्येकाला ग्रीस लावलं, दोनदा लावलं. शेवटी ती बसली आणि हात हँडलवर नुसते ठेवले, ताणले नाहीत. "आता ठीक," म्हणाली.

पुढच्या रविवारी साडेपाचला ती निघाली. "थळपर्यंत जाऊन येते. सातला परत."

सात वाजले. सव्वासात झाले. कारखान्याकडे जाणारे टँकर त्याच रस्त्याने जातात, हे मला अकरा वर्षांत कधी सुचलं नव्हतं. आता दुसरं काही सुचेना. खुबा ठणकत होता तरी फाटकाशी उभा राहिलो. साडेसात झाले. बत्तीस वर्षांत मी कोणाची अशी वाट बघितली नव्हती, आणि तिने माझी किती रविवार बघितली, याचा हिशोब करायला गेलो आणि सोडून दिला. काय बोलणार? कपाळ माझं!

मग वळणावर निळं काहीतरी दिसलं. तिचे गुडघे वरखाली होत होते, संथ, एकसारखे. मी वळलो आणि भराभर आत गेलो, चहा टाकला.

ती घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. थळला मित्राच्या बायकोने पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नाही म्हणाली. मग माझ्याकडे जरा बघत राहिली.

"फाटकात उभे होतात ना?"

"फुलं तोडत होतो," मी म्हटलं.

परडी तिच्या पाठीमागे खुंटीला टांगलेली होती. तिने मागे वळून ती बघितली आणि चहा गाळायला घेतला.