थंड डोंगरावरची बाटली

देशात परदेशी माल मोकळा झाला तेव्हा माझ्या मुलाला दारू विकायची नोकरी लागली. दारू म्हणायचं नाही, वाइन म्हणायचं. बरं बाबा, वाइन. गाझियाबादच्या खोलीत राहून, लोकांच्या घरी पोळ्या लाटून शिकवलं त्याला, ते याचसाठी असणार. गुडगावात कंपनीनं फ्लॅट दिला. एकदम चकाचक. लिफ्टसुद्धा होती, फक्त वीज नसायची.

नोकरी मात्र कच्ची. साहेब जेवायला येणार, खूश झाले तर पक्की. नाहीतर फ्लॅट गेला, आणि मी परत लोकांच्या पोळपाटापाशी.

त्या दिवशी सकाळी जूनच्या उन्हात तो एक बाटली घेऊन आला. दोन्ही हातांनी धरलेली, जसं काही ओल्या बाळंतिणीचं पोर.

"आई, ही थंड प्रदेशातली लाल वाइन आहे. तिकडे ऊन बेताचं, रात्री गार. द्राक्षं हळूहळू पिकतात, म्हणून आंबटपणा टिकतो, रंग फिका राहतो. हिला उकाडा बिल्कुल चालत नाही. संध्याकाळपर्यंत सांभाळ."

"आणि मला चालतो का रे उकाडा?"

"आई, यार, प्लीज!"

तो ऑफिसात गेला आणि लाइट गेली. फ्रिजचं कपाट झालं. मग मी गाझियाबादला दूध ठेवायचे तसंच केलं. बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं, माठाखालच्या वाळूत गळ्यापर्यंत पुरली आणि दुपारभर वरून पाणी मारत राहिले. मी घामानं निथळत होते, पण मी कुठे परदेशातून आले होते!

संध्याकाळी मुलानं फडकं सोडलं. बाटलीवरचा कागद, त्यावरचं नाव-गाव, सगळा लगदा होऊन फडक्याला लागला होता.

"अगं आई, साहेब आधी हेच वाचतात!"

"पिणार आहेत की वाचणार आहेत?"

तेवढ्यात दार वाजलं.

साहेबांनी ती नागडी बाटली हातात फिरवली. "लेबल कहाँ है?"

मुलगा पांढराफटक. मीच म्हटलं, "साहब, मैंने धो दिया."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. वाटलं, झालं, बांधा गाठोडं. मग ते मुलाकडे वळले, "चलो, बिना लेबल के बताओ. कैसी है?"

त्यानं घोट घेतला. रोज आरशासमोर चेरी, मिरी, ओली माती असं काहीबाही घोकायचा, ते सगळं विसरला असावा. म्हणाला, "सर, माँ के कोकम जैसी. पतली, खट्टी. मटन के बाद एक घूँट लो, तो अगला निवाला नया लगता है."

साहेब हसले. मटण खाल्लं, घोट घेतला, पुन्हा मटण वाढून घेतलं. मग मला समजावून सांगायला लागले, "माताजी, ठंडी पहाड़ी पर बेल को बहुत तकलीफ होती है. जितनी तकलीफ, उतनी बढ़िया वाइन."

"अच्छा," मी म्हटलं. तकलीफ इतकी महाग विकली जाते हे आधी कुणी सांगितलं असतं, तर मी पोळ्या कशाला लाटल्या असत्या!

जाताना साहेब म्हणाले, "कल आकर पक्का लेटर ले जाना. और इस गर्मी में वाइन इतनी सही ठंडी कैसे रखी?"

"सर, स्टोरेज पर मैं खुद ध्यान देता हूँ," मुलगा म्हणाला.

मी ताटं उचलत होते. उचलत राहिले.